फॉरमॅट करण्यापूर्वी



आज ज्या वस्तूविषयी मी आपणांशी बोलणार आहे ती आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात असेल. शाळेत असेल, ग्रामपंचायतीत असेल, किंवा लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्याने घरी आणून दिलेली असेल. पैशाच्या पाकिटाएवढी काळी डबी, एक आखूड वायर, आणि वायरीच्या टोकाला संगणकात खुपसायची पिन. तिला बाह्य हार्ड डिस्क म्हणतात. एका संगणकावर ती उत्तम चालते. दुसऱ्याला जोडली, की तो म्हणतो, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करू का? अशा वेळी काय करावे, काय करू नये, आणि हे मुळात होते तरी का, एवढाच आजचा विषय आहे.

मी मराठी शिकवणारा माणूस. संगणकाविषयी बोलण्याचा माझा अधिकार इतकाच, की या प्रश्नाला मी एकदा 'हो' म्हणून बसलो आहे.

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला पावणे नावाचे गाव आहे. आज पावणे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एम.आय.डी.सी. येते, कारखान्यांच्या शेड आणि मालमोटारींच्या रांगा येतात. पण मूळचे गाव आगरी लोकांचे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर ठाण्याच्या खाडीकाठची अशी कितीतरी गावे जगत आली. त्या गावातला एक विद्यार्थी २०१८ साली आमच्या वर्गात होता. त्याची आजी धवलारीण होती. आगरी-कोळी समाजात लग्नाचे विधी धवले गाऊन लावणारी जी जाणती बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. मांडवाचे गाणे वेगळे, हळदीचे वेगळे. ही गाणी कुठे लिहिलेली नसतात. एकीच्या तोंडून दुसरीने उचलायची आणि पुढे चालवायची, अशी ती आलेली असतात. या मुलाने आजीला दोन संध्याकाळी समोर बसवून तिची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. त्याचा एक नातेवाईक चित्रीकरणाच्या धंद्यात होता, त्याच्याकडचे यंत्र आणि त्याच्याकडचाच संगणक वापरला होता. त्यानंतर काही महिन्यांनी आजी वारली.

मुलगा ती डिस्क घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, तुम्ही ऐका आणि शब्द उतरवून घ्यायला मदत करा." मी ती आमच्या विभागातल्या संगणकाला जोडली. पडद्यावर चौकट आली : डिस्क वापरण्यासाठी ती फॉरमॅट करणे आवश्यक आहे. मला वाटले, नवी वस्तू प्रथम जोडली की असे काहीतरी विचारतातच. मी बटण दाबले. दुसरी चौकट आली, त्यात लिहिले होते की यामुळे डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल. इंग्रजी चौकटी न वाचता दाबण्याची मला सवय होती, आपल्यापैकी बहुतेकांना असते. अर्धे मिनिटही लागले नाही. मग डिस्क उघडली, स्वच्छ, रिकामी, ९३१ जी.बी. जागा मोकळी.

मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा होता. त्याने विचारले, "सर, आतलं गेलं का?"

या प्रश्नाचे उत्तर मी थोड्या वेळाने देतो. आधी आत काय घडले ते समजून घेऊ, कारण ते समजल्याशिवाय पुढच्या सूचना नुसत्या पाठ कराव्या लागतील, आणि पाठ केलेले ऐन वेळी आठवत नाही.

हार्ड डिस्कच्या आत एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय लेप असतो, त्या वेगाने फिरत राहतात, आणि एक बारीक शीर्ष त्यांना न टेकता, अगदी लगत राहून लेपावर खुणा करते व वाचते. ही युक्ती जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली असे पहिले यंत्र विक्रीच्या जगात आणले तेव्हा त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या. यंत्र कपाटाएवढे, आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरे. आज बाजारात साधारणपणे मिळणाऱ्या एक टी.बी.च्या डबीत त्याच्या सुमारे दोन लाखपट मावते. (आता ज्या डब्यांना एस.एस.डी. म्हणतात त्यांत फिरणारी तबकडी नसते, तिथे चिपा असतात. पण आजच्या विषयापुरता नियम दोन्हींना बहुतेक सारखाच आहे. जिथे फरक आहे तिथे मी सांगेन.)

आता ही तबकडी म्हणजे एक मोठे शिवार आहे असे समजा. नुसती जमीन पसरली आहे, तेवढ्याने कुणाचे काय कुठे ते कळत नाही. मोजणी व्हावी लागते, बांध घालावे लागतात, प्रत्येक तुकड्याला गट क्रमांक द्यावा लागतो, आणि कोणत्या गटात कोणाचे काय आहे याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असावी लागते. डिस्कचेही असेच आहे. जागेचे लहान लहान ठरीव तुकडे पाडायचे, आणि कोणती फाईल कोणत्या तुकड्यांत ठेवली आहे याचे दप्तर डिस्कवरच एका बाजूला राखायचे. या सगळ्या व्यवस्थेला फाईल सिस्टिम म्हणतात. ही व्यवस्था नव्याने लावणे म्हणजे फॉरमॅट करणे.

अडचण अशी, की सगळ्या संगणकांचे तलाठी एकाच लिपीत दप्तर लिहीत नाहीत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असतो तो मायक्रोसॉफ्टचा विंडोज संगणक. त्याची लिपी एन.टी.एफ.एस. नावाची, ती १९९३ साली आली. छापखाने, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्या धंद्यात ॲपल कंपनीचे मॅक पुष्कळ आढळतात. मॅकची जुनी लिपी १९८५ ची, तिची सुधारलेली आवृत्ती १९९८ ची, आणि २०१७ पासून ए.पी.एफ.एस. नावाची तिसरीच. काही शाळांतून लिनक्स चालते, त्याची आणखी वेगळी. मॅकच्या तलाठ्याला विंडोजचे दप्तर वाचता येते, पण त्यात नोंद करता येत नाही. म्हणून विंडोजची डिस्क मॅकला लावली की फायली दिसतात, उघडतात, मात्र नवी फाईल तीत टाकू म्हटले तर जात नाही. पुष्कळ लोक तेवढ्यावरून डिस्क बिघडली असे समजतात. ती बिघडलेली नसते. उलट बाजूला विंडोजच्या तलाठ्याला मॅकचे दप्तर आपणहून मुळीच वाचता येत नाही.

आणि इथेच सगळी गोम आहे. वाचता येत नाही म्हटल्यावर त्याने काय म्हणावे? शहाणा माणूस म्हणेल, "हे दप्तर मला कळत नाही, जाणकाराला विचारा." विंडोज असे म्हणत नाही. तो म्हणतो, "ही जमीन वापरायची तर नवी मोजणी करावी लागेल. करू?" आपल्याला वाटते, जमीन पडीकच असणार.

जुन्या घरांतून मोडी कागदांचे असेच झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली, आणि मग माळ्यावरच्या ट्रंकेतले कागद घरच्याच माणसांना वाचता येईनात. वाचता येत नाहीत म्हणजे निरुपयोगी, असे ठरवून किती रुमाल रद्दीत आणि बंबात गेले याची गणती नाही. त्याच कागदांसाठी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वणवण करीत होते, आणि त्यातूनच १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. त्यांना मोडी येत होती, एवढाच काय तो फरक. माझ्या त्या दिवशीच्या संगणकाला मॅकची मोडी येत नव्हती, आणि त्याने माझ्या हाताने रुमाल बंबात घातला.

पण पूर्ण घातला नव्हता. तो 'क्विक फॉरमॅट' होता, म्हणजे झटपट. झटपट फॉरमॅटमध्ये साऱ्या शिवारावर नांगर फिरत नाही. जुने दप्तर बाद ठरते, नव्या लिपीत कोरे दप्तर मांडले जाते, आणि सर्व गट मोकळे आहेत असे त्यात लिहिले जाते. गटांत जे होते ते प्रत्यक्षात बरेचसे तसेच पडून असते. कुठे आहे ते कोणाला माहीत नाही, इतकेच. मात्र यानंतर जी नवी फाईल ठेवाल ती कोणत्या ना कोणत्या जुन्या पिकावर बसते, आणि त्या जागेचे जुने मग खरोखरच जाते. विंडोजमध्ये क्विक या शब्दासमोरची खूण काढून फॉरमॅट केले, तर २००७ पासूनच्या आवृत्त्यांत साऱ्या डिस्कवर शून्ये लिहिली जातात. एक टी.बी.च्या डिस्कला त्यास तीन-एक तास सहज लागतात, आणि त्यानंतर परत मिळण्याची आशा धरू नये.

पावण्याच्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि खाडीच्या या काठावरच्या गावांच्या जमिनी औद्योगिक क्षेत्रासाठी गेल्या. पुढे १९७० साली सिडको आली आणि नव्या शहरासाठी आणखी जमीन गेली. भातखाचरांचे बांध मोडले, भराव पडला, भूखंड आखले गेले, आणि नवे नकाशे, नवे क्रमांक लागले. जमीन होती तिथेच आहे. पण अमक्याचे खाचर, तमक्याची बांधणी अशी जी नावे म्हाताऱ्यांच्या तोंडी होती ती नव्या नकाशात नाहीत. त्या विद्यार्थ्याचे आजोबा एका कारखान्याच्या फाटकाकडे बोट दाखवून आपले शेत सांगत. गावाचे नाव पावणे, आणि गावकरीच तिथले पाहुणे झाले, अशी कोटी तो मुलगाच करीत असे. गंमत म्हणजे त्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात आता डेटा सेंटरे उभी आहेत. साऱ्या देशाच्या डिस्का तिथे थंड हवेत ओळीने फिरत असतात.

असो. आता कामाचे बोलू.

पहिली गोष्ट, परक्या संगणकाने फॉरमॅटचे विचारले की 'रद्द' म्हणायचे आणि डिस्क काढून घ्यायची. मॅकला डिस्क वाचता आली नाही तर तोही एक चौकट दाखवतो. त्यात 'इजेक्ट', 'इग्नोर' आणि 'इनिशियलाइज' अशी तीन बटणे असतात. तिसऱ्याचा अर्थ नव्याने मोजणी असाच होतो, त्याच्या वाटेस जाऊ नये. मग ज्याने डिस्क दिली त्याला विचारायचे : ही कोणत्या संगणकावर भरली? हा एक प्रश्न मी विचारला असता तर आजचे हे भाषण झाले नसते.

दुसरी गोष्ट, खरोखर फॉरमॅट करायलाच हवे का, हे पाहावे. पुष्कळदा नको असते. तुम्हाला मॅकवरची चार गाणी एकदाच विंडोजवर आणायची असतील, तर मालकाकडूनच ती एखाद्या पेन ड्राइव्हवर घ्या. एका फाईलसाठी सारी डिस्क मोडण्याचे कारण नाही. मॅकची डिस्क विंडोजवर वाचून देणारी सॉफ्टवेअरेही मिळतात. डिस्क दोन्हीकडे नेहमीच फिरणार असेल, म्हणजे आज शाळेत विंडोजवर, उद्या छापखान्यात मॅकवर, तेव्हाच ती दोघांना कळेल अशा लिपीत नव्याने लावून घेण्यात अर्थ आहे.

तशी लिपी आहे का? आहे. दोन आहेत. एक जुनी, तिला फॅट म्हणतात. तिची सुरुवात १९७७ ची, आणि आज आढळणारे तिचे रूप, फॅट३२, हे १९९६ चे. फॅट३२ जवळजवळ सगळ्या यंत्रांना कळते, जुन्या टी.व्ही.लाही कळते. पण तिच्यात एक फाईल चार जी.बी.पेक्षा मोठी ठेवता येत नाही. लग्नाचे किंवा स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण सहज त्याहून मोठे असते. मग संगणक म्हणतो, फाईल फार मोठी आहे. आपण पाहतो तो डिस्कवर शेकडो जी.बी. जागा मोकळी. माणूस चक्रावतो. कणगीत जागा आहे, पण पोते एवढे मोठे की ते तिच्या तोंडातून जात नाही, असा तो प्रकार आहे.

दुसरी लिपी एक्सफॅट. ही मायक्रोसॉफ्टने २००६ साली काढली. तिच्यात मोठ्या फाईलची अडचण नाही, आणि विंडोज व मॅक दोघेही तिच्यात वाचतात आणि लिहितात. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने तिचे नियम सर्वांसाठी खुले केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून लिनक्सच्या गाभ्यातही तिची सोय होऊ लागली. दोन तऱ्हेच्या संगणकांत फिरवायच्या डिस्कसाठी आज एक्सफॅट निवडावी, असे मी निःशंक सांगतो. शाळेच्या टी.व्ही.वर लावायची असेल तर मात्र आधी एका लहान पेन ड्राइव्हवर एक्सफॅट करून पाहावे. सगळेच टी.व्ही. ती वाचतात असे नाही.

तिसरी गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची : फॉरमॅट करण्यापूर्वी आतले सगळे दुसरीकडे उतरवून घ्यावे, आणि ते डिस्क ज्या संगणकावर उघडते त्याच संगणकावर करावे. नुसते उतरवून भागत नाही. उतरवलेल्यातल्या चार-पाच फायली उघडून, थोड्या ऐकून, थोड्या पाहून खात्री करावी. एक सुरुवातीची, एक मधली, एक शेवटची. शिक्षक उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासनिसाकडे देताना मोजतो ना, तसेच फायलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे ताडून पाहावा. यात एक खोच आहे, ती माहीत असलेली बरी. डबीवर एक टी.बी. लिहिलेले असते आणि विंडोज दाखवतो ९३१ जी.बी. दुकानदाराने फसवलेले नसते. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतो, आणि मॅक पुन्हा कारखानदारासारखा हजारात मोजतो. शेर बदलला, धान्य तेवढेच. म्हणून दोन संगणकांवरचे आकार ताडताना जी.बी.चे आकडे न पाहता बाइटचे लांबलचक आकडे पाहावेत, ते दोन्हीकडे सारखेच येतात.

चौथी गोष्ट, फॉरमॅट करताना संगणकाला ती एकच डिस्क जोडलेली असावी. बाकीचे पेन ड्राइव्ह, बाकीच्या डिस्का, मोबाईल, सगळे काढून ठेवावे. नाहीतर नांगर भलत्याच शेतात फिरतो.

विंडोजवर मग असे करायचे. 'धिस पीसी' उघडले की डिस्कचे चित्र दिसते. नाव आणि आकार पाहून तीच आहे ना याची खात्री करावी. तिच्यावर उंदराचे उजवे बटण दाबले की यादीत 'फॉरमॅट' असते. चौकट उघडते. तीत 'फाईल सिस्टिम' या ओळीत एक्सफॅट निवडावे. खाली तुकड्यांच्या आकाराची एक ओळ असते, तिला हात लावू नये. नावाच्या जागी ओळखू येईल असे नाव द्यावे, शाळेचे किंवा विभागाचे, म्हणजे पुढे कुठल्याही संगणकावर ही कोणाची डिस्क ते चटकन कळते. क्विकची खूण तशीच राहू द्यावी. आणि मग 'स्टार्ट'. कधी कधी मॅककडून आलेली डिस्क इथे दिसतच नाही. अशा वेळी 'डिस्क मॅनेजमेंट' नावाच्या ठिकाणी जावे लागते. तिथे संगणकाच्या पोटातली डिस्कही ओळीत असते, बहुधा 'डिस्क झिरो' या नावाने, म्हणून तिथे नवख्याने एकट्याने जाऊ नये, जाणत्याला शेजारी बसवावे.

मॅकवर 'डिस्क युटिलिटी' उघडावी. तिथे डाव्या यादीत प्रथम नुसता विभाग दिसतो. 'व्ह्यू'मध्ये जाऊन सर्व उपकरणे दाखवायला सांगितले, की डिस्क आणि तिच्या पोटातले विभाग अशी उतरंड दिसते. वरची ओळ, म्हणजे डिस्क स्वतः, निवडून 'इरेझ' म्हणावे. फॉरमॅटच्या जागी एक्सफॅट, आणि स्कीमच्या जागी जी.यू.आय.डी. पार्टिशन मॅप. पुढे कधी ती डिस्क मॅकला जोडल्यावर त्याने विचारले, की हिच्यावर टाइम मशीनची राखीव प्रत ठेवू का, तर नाही म्हणावे. त्या राखीव प्रतीला मॅकची स्वतःची लिपी लागते, आणि तिच्यासाठी तो डिस्क पुन्हा पुसून मागतो. तशी प्रत ठेवायची तर वेगळी डिस्क घ्यावी.

एक्सफॅटमध्ये एक उणीव आहे, ती झाकून ठेवणे बरे नाही. एन.टी.एफ.एस.चा तलाठी दप्तरातली नोंद बदलण्याआधी 'आता मी हे बदलतो आहे' असे एका कच्च्या वहीत लिहून ठेवतो. मध्येच वीज गेली तर कच्च्या वहीवरून दप्तर जुळवता येते. एक्सफॅटला अशी कच्ची वही नाही. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, आणि वायर उपटून चालते होण्याची सवयही सार्वत्रिक. फाईल जात असताना असे झाले तर दप्तराचाच गोंधळ होतो. म्हणून काम झाले की आधी संगणकाला सांगून डिस्क मोकळी करून घ्यावी, विंडोजवर 'इजेक्ट', मॅकवरही 'इजेक्ट', आणि मगच वायर काढावी. बॅटरी असलेला लॅपटॉप हाताशी असेल तर नक्कल त्यावर करावी.

शिक्षकांसाठी आणखी एक. शाळेचा जुना संगणक किंवा डिस्क भंगारात देताना आपण झटपट फॉरमॅट करतो आणि हात झटकतो. पण मघाशी सांगितले तसे आतले सारे तसेच पडून असते. मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते क्रमांक, गुणपत्रके, सारे काही. जे मला हवे होते म्हणून परत मिळवता आले, ते भलत्या माणसाला नको त्या हेतूने परत मिळवता येते. तेव्हा देऊन टाकायच्या तबकडीच्या डिस्कवर क्विकची खूण काढून सावकाश फॉरमॅट करावे. एस.एस.डी.ला ही रीत पुरेशी नाही, तिच्यासाठी वेगळे साधन वापरावे लागते. ते जमत नसेल तर डिस्क देऊच नये, कपाटात ठेवावी.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. "आतलं गेलं का?" मला काही सुचेना. खरी डिस्क उघडली की काय हे पाहावे म्हणून मी एक फाईल तिच्यावर टाकून बघणार होतो. तेवढ्यात आमचे संगणक कक्षाचे सहायक आत आले. त्यांनी पडदा पाहिला, माझ्या हाताखालून उंदीर काढून घेतला आणि म्हणाले, "सर, आता हिच्यावर एक अक्षर लिहू नका." असे झाल्यास तुम्हीही हेच करावे. डिस्क काढावी, बाजूला ठेवावी, तिच्यावर काहीही लिहू नये. ती तबकडीची डिस्क होती हे आमचे नशीब. एस.एस.डी. असती तर मोकळे ठरलेले तुकडे तिने आपणहून साफ करायला घेतले असते, आणि मग कोणाचेच काही चालले नसते.

फोटोरेक नावाचे एक फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. ते दप्तराच्या नादी लागत नाही. ते सारे शिवार पायाखाली घालते आणि ध्वनीची, चित्राची, लेखाची फाईल ज्या ठरावीक खुणेने सुरू होते ती खूण दिसली की तिथून पुढचे उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवते. दुसऱ्या डिस्कवर, हे ध्यानात घ्या. जी बुडाली तिच्यावरच काढलेले ठेवायचे नसते. सहायकांनी ते रात्रभर चालू ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालले. बहुतेक गाणी मिळाली. काही अर्ध्यावर तुटली, कारण एकाच गाण्याचे तुकडे दूरदूरच्या गटांत ठेवलेले होते आणि ते जोडायला दप्तर नव्हते. नवे कोरे दप्तर ज्या जागी बसले तिथली एक-दोन कायमची गेली असावीत.

पण नावे सगळीच गेली होती. मुलाने प्रत्येक फाईलला गाण्याचे नाव दिले होते, आणि नाव तर दप्तरात असते. त्या जागी आता इंग्रजी एफ आणि पुढे सात आकडे. कोणते गाणे कोणत्या विधीचे, कोणाच्या नंतर कोणते, काही कळेना. मुलाला स्वतःला ओळखू येत नव्हती, त्याने ती नावे आजीला विचारूनच लिहिली होती. शेवटी आम्ही लॅपटॉप घेऊन पावण्याला गेलो. आजीची धाकटी बहीण घरी होती. तिला एकेक फाईल ऐकवली. बहिणीचा आवाज प्रथम लागला तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूहळू सांगू लागली. "ही हलदीची." "ही मांडवाची." मुलगा फायलींना नावे देत गेला. दोन दुपारी लागल्या.

डिस्क आता एक्सफॅट केलेली आहे, गाण्यांची एक प्रत तिच्यावर आणि एक त्या मुलाच्या घरी वेगळ्या डिस्कवर आहे. एक फाईल तेवढी राहिली. तीन-साडेतीन मिनिटांची, सुरुवात तुटलेली. म्हातारीने ती पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. म्हणाली, हे आमच्या आईचं असेल, मला येत नाही. त्या फाईलचे नाव अजून एफ आणि सात आकडे असेच आहे.